ताशी सहा डॉलरची सुरक्षा

10 नोव्हेंबर 1972 रोजी अलाबामातल्या बर्मिंगहॅमहून सुटलेलं सदर्न एअरवेजचं 49 क्रमांकाचं विमान तिघांनी पळवलं. त्यांच्याजवळ पिस्तुलं आणि हातबाँब होते. एक कोटी डॉलरची खंडणी लवकर मिळेना, तेव्हा टेनेसीतल्या ओक रिजच्या अणुभट्टीवर विमान आदळू, अशी धमकी त्यांनी दिली आणि वैमानिकाला त्या परिसरावर घिरट्या घालायला लावल्या. पुढे ऑरलँडोला एफबीआयच्या माणसांनी गोळ्या झाडून विमानाचे टायर फोडले. सहवैमानिक जखमी झाला. तरीही वैमानिकाने विमान पुन्हा उडवलं आणि फाटक्या टायरांवर हवानाला उतरवलं. जवळजवळ तीस तास हा प्रकार चालला. प्रवासी वाचले, ही वैमानिकाची करामत.

पिस्तुलं आणि हातबाँब घेऊन ही माणसं विमानात शिरलीच कशी, असा प्रश्न आज कुणालाही पडेल. त्याचं उत्तर असं, की विमानात चढणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करण्याची पद्धतच तेव्हा अमेरिकेत नव्हती. 1968 ते 1972 या पाच वर्षांत अमेरिकी विमानं पळवण्याचे शंभराहून अधिक प्रयत्न झाले, तरी विमान कंपन्या सरसकट तपासणीला नाखूश होत्या. झडती घेतली तर प्रवासी दुरावेल, आणि खर्च वाढेल तो वेगळाच, हा त्यांचा हिशेब. ओक रिजच्या धमकीने तो मोडला. फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे एफएएने, डिसेंबरात तातडीचा आदेश काढला आणि 5 जानेवारी 1973 पासून प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली.

विमान पळवण्याचे प्रकार झपाट्याने कमी झाले, म्हणजे उपाय लागू पडला. मात्र त्याच वेळी आणखी एक निर्णय झाला, आणि त्याची किंमत पुढे जवळजवळ तीस वर्षं मोजावी लागली. तपासणी करायची कुणी आणि तिचा खर्च उचलायचा कुणी, या प्रश्नावर सरकारने जबाबदारी विमान कंपन्यांवर टाकली. कंपन्यांनी ती कंत्राटदारांवर टाकली. आणि कंत्राटदाराने ती ज्याच्यावर टाकली, तो माणूस किमान वेतनाच्या आसपास राबणारा होता.

सर्वांत कमी दराची निविदा

विमान कंपनीच्या दृष्टीने तपासणी म्हणजे निव्वळ खर्च. त्यातून तिकीट विकलं जात नाही की प्रवासी वाढत नाही. त्यामुळे ज्याची निविदा सर्वांत कमी दराची, त्याला काम, ही रीत पडली. या धंद्यात यंत्रं विमान कंपनीची आणि नियम सरकारचे. कंत्राटदाराला खर्च कमी करायला एकच जागा उरत होती, ती म्हणजे माणसांचा पगार.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2000 साली जी आकडेवारी मांडली, ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. मे 1998 ते एप्रिल 1999 या वर्षात देशातल्या 19 मोठ्या विमानतळांवर तपासनिसांच्या गळतीचं सरासरी प्रमाण 126 टक्के होतं. जेवढ्या जागा, त्याहून जास्त माणसं एका वर्षात सोडून गेली होती. बोस्टनच्या लोगन विमानतळावर हे प्रमाण 207 टक्के, अटलांटाला 375 आणि सेंट लुईसला 416 टक्के होतं. सेंट लुईसला एकेका जागेवरचा माणूस वर्षात चारदा बदलत होता. पगार अनेक ठिकाणी ताशी सहा डॉलर किंवा त्याहूनही कमी. त्याच विमानतळावरच्या बर्गरच्या दुकानात याहून चांगला पगार मिळत असे, आणि माणसं तिकडे जात. वर्गातलं प्रशिक्षण 12 तासांचं. फ्रान्समध्ये त्या काळी याच कामासाठी 60 तासांचं प्रशिक्षण लागे.

हे काम किती अवघड आहे, ते पडद्यासमोर बसल्याशिवाय कळत नाही. पट्टा सरकतो आणि बॅगेचं चित्र समोर येतं. धातू निळा दिसतो, सेंद्रिय पदार्थ नारिंगी आणि मिश्र वस्तू हिरवट. अडचण अशी, की साबण, चीज, चॉकलेट आणि बरीचशी स्फोटकं हे सगळं नारिंगीच दिसतं. मुलाकडे निघालेल्या आईच्या पिशवीतले मेथीचे लाडूही त्याच रंगाचे. रंगावरून निकाल लागत नाही. आकार, घनता, शेजारी तार आहे का, काही मुद्दाम आडवं ठेवलंय का, हे सगळं काही सेकंदांत ठरवायचं असतं. मागे रांग ताटकळत असते आणि पुढची बॅग आलेली असते. हजारो बॅगांमध्ये एकही धोक्याची नसते, आणि याच कारणाने नजर बोथट होते. तपासनिसाची नजर जागी राहावी म्हणून मधूनच पडद्यावर पिस्तुलाचं किंवा बाँबचं खोटं चित्र टाकणारी संगणकप्रणाली आली. एका माणसाने सलग पडद्यासमोर बसू नये, म्हणून अर्ध्या तासाच्या आसपास जागा बदलण्याची पद्धतही आली. ही नजर सरावाने तयार होते. चार महिन्यांत नोकरी सोडणाऱ्याकडे ती येणार कुठून?

परिणाम दिसतच होते. एफएएने गुपचूप घेतलेल्या चाचण्यांमध्ये तपासनिसांच्या नजरेतून निसटणाऱ्या धोकादायक वस्तूंचं प्रमाण 1978 साली 13 टक्के होतं. 1987 साली ते 20 टक्के झालं. 1988 च्या डिसेंबरात पॅन ॲमचं 103 क्रमांकाचं विमान लॉकरबीवर स्फोटाने फुटलं आणि 270 माणसं गेली. हा बाँब विमानाच्या पोटातल्या सामानातून गेला होता, तरी सगळ्या सुरक्षाव्यवस्थेकडेच लक्ष वेधलं गेलं. आयोग नेमला, कायदा झाला. 1996 साली संसदेने एफएएला सांगितलं, की तपासणी कंपन्यांना पात्रतेचं प्रमाणपत्र घ्यायला लावा. तो नियम सप्टेंबर 2001 उजाडला तरी लागू झालेला नव्हता. मधल्या काळात, 2000 साली, आर्जेनब्राइट सिक्युरिटी या बड्या कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. फिलाडेल्फिया विमानतळावर पार्श्वभूमी न तपासता तिने माणसं नेमली होती, आणि त्यांत गुन्हे नावावर असलेलेही होते. तिला दहा लाख डॉलरचा दंड झाला आणि भरपाई वेगळी भरावी लागली. कंपनीची कंत्राटं चालूच राहिली.

सान फ्रान्सिस्कोचा धडा

याच सुमारास एका विमानतळाने वेगळी वाट धरली, आणि या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. एप्रिल 2000 मध्ये सान फ्रान्सिस्को विमानतळाने सुरक्षेशी संबंधित कामांसाठी किमान दर्जा ठरवून दिला. पगार किती, प्रशिक्षण किती, आरोग्यविमा कसा, हे विमानतळाने सांगायचं आणि कंत्राटदाराने पाळायचं. तपासनिसांचा सरासरी पगार ताशी 6.45 डॉलरवरून 10 डॉलरवर गेला. माणसं तीच, यंत्रंही तीच. बर्कलेच्या अभ्यासकांनी मोजलं, तेव्हा तपासनिसांची वार्षिक गळती सुमारे 95 टक्क्यांवरून सवा वर्षात 19 टक्क्यांवर आलेली दिसली.

म्हणजे 11 सप्टेंबर 2001 च्या दहशतवादी हल्ल्यांच्या आधीच उत्तर हाताशी होतं. ते एका विमानतळापुरतं राहिलं.

डलेसची सकाळ

त्या सकाळी वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर जे घडलं, त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे आणि हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या 9/11 आयोगाने ते बारकाईने पाहिलं. सात वाजून अठरा मिनिटांच्या सुमाराला दोन अपहरणकर्ते तपासणीच्या जागी आले. दोघांच्याही वेळी मेटल डिटेक्टर वाजला. त्यांना दुसऱ्या डिटेक्टरमधून जायला सांगितलं. एक जण सुटला. दुसऱ्याच्या वेळी तोही वाजला, म्हणून हातातलं यंत्र त्याच्या अंगावरून फिरवलं आणि त्याला सोडलं. पुढे आणखी एक जण आला. त्याच्या वेळी दोन्ही डिटेक्टर वाजले. हातातलं यंत्र फिरवलं गेलं, खांद्यावरच्या पिशवीला स्फोटकांच्या अंशांची चाचणी केली, आणि तोही आत गेला. चित्रीकरणात त्याच्या मागच्या खिशाला काहीतरी अडकवलेलं दिसतं. यंत्र नेमकं कशाने वाजलं, हे शोधायला हवं होतं. ते कुणी शोधलं नाही. आयोगाने ज्या तज्ज्ञाला हे दाखवलं, त्याने ही तपासणी जेमतेम दर्जाची ठरवली.

पण याला दुसरी बाजू आहे. तेव्हाच्या नियमांनुसार चार इंचांहून लहान पात्याचा चाकू विमानात नेता येत होता. तपासनिसाला तो सापडला असता तरी परत द्यावा लागला असता. संगणकाने धोकादायक म्हणून निवडलेल्या प्रवाशाचंही फक्त पोटातलं सामान रोखायचं, त्याची जादा अंगझडती नाही, असाही नियम होता. नियम करणारे वॉशिंग्टनच्या कार्यालयांत होते आणि टीव्हीवर दिसत होता तो गणवेशातला तपासनीस. लोकांचा राग त्याच्यावर निघाला.

सरकारी गणवेश, अपुरे हक्क

11 ऑक्टोबर 2001 रोजी अमेरिकी सिनेटने तपासणी सरकारी हातात घेण्याचं विधेयक 100 विरुद्ध 0 मतांनी मंजूर केलं. प्रतिनिधीगृहात मात्र रस्सीखेच झाली. तिथल्या रिपब्लिकन नेत्यांना हजारो नवे सरकारी कर्मचारी आणि त्यांच्या युनियन नको होत्या. अखेर तडजोड झाली आणि 19 नोव्हेंबर 2001 रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही केली. ट्रान्सपोर्टेशन सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे टीएसए, जन्माला आली. चारशेहून अधिक विमानतळांचा ताबा घ्यायला तिला एक वर्ष मिळालं.

ती भरती अवाढव्य होती. 17 लाखांहून जास्त अर्ज आले आणि पन्नास हजारांहून जास्त माणसं नेमली गेली. सुरुवातीचा पगार वर्षाला 23,600 डॉलर, त्यावर आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन. वर्गातलं प्रशिक्षण 40 तास आणि प्रत्यक्ष कामावर 60 तास. खासगी कंत्राटाच्या दिवसांशी तुलना केली तर ही मोठी झेप होती. सान फ्रान्सिस्कोसह पाच विमानतळांवर प्रयोग म्हणून खासगी तपासनीस कायम ठेवले, मात्र पगार आणि नियम सरकारच्या बरोबरीचे.

या झेपेत काही जण मागे राहिले. नव्या कायद्याने तपासनीस अमेरिकी नागरिकच असला पाहिजे, अशी अट घातली. कॅलिफोर्नियातल्या विमानतळांवर फिलिपिनो स्थलांतरितांनी वर्षानुवर्षं हे काम केलं होतं. नागरिकत्व नसलेला माणूस अमेरिकी सैन्यात भरती होऊ शकत होता, बॅगा मात्र तपासू शकत नव्हता. काही तपासनीस न्यायालयात गेले. नोव्हेंबर 2002 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण त्याच महिन्यात संसदेने कायद्याचे शब्द बदलले आणि त्या आदेशात काही राहिलं नाही. अनुभवी माणसं घरी बसली.

जे आत आले, त्यांनाही इतर केंद्रीय कर्मचाऱ्यांसारखे हक्क मिळाले नाहीत. कायद्यातल्या एका कलमाने तपासनिसांच्या सेवाशर्ती ठरवण्याचे सर्वाधिकार टीएसएच्या प्रमुखाला दिले होते. जानेवारी 2003 मध्ये तेव्हाचे प्रमुख ॲडमिरल जेम्स लॉय यांनी जाहीर केलं, की तपासनिसांना सामुदायिक वाटाघाटीचा हक्क असणार नाही. कारण दिलं ते दहशतवादाशी लढण्यासाठी लागणाऱ्या लवचीकतेचं. सीमाशुल्क आणि सीमासुरक्षेतल्या कर्मचाऱ्यांच्या युनियन होत्या, आणि त्यांच्यामुळे देशाची सुरक्षा धोक्यात आल्याचं कुणी दाखवून दिलेलं नव्हतं. पगाराची श्रेणीही निराळी. काढून टाकलं तर इतर केंद्रीय कर्मचाऱ्यांना मिळणारं अपीलही यांना नव्हतं.

नियम वरून, काम खालून

22 डिसेंबर 2001 रोजी पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात रिचर्ड रीड नावाच्या माणसाने बुटात दडवलेलं स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला. 10 ऑगस्ट 2006 रोजी ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीला आला आणि एका रात्रीत पाण्याच्या बाटलीपासून शाम्पूपर्यंत सगळ्यावर बंदी आली. बूट काढणं सगळ्यांना सक्तीचं झालं तेही त्याच वेळी. सप्टेंबरच्या अखेरीस बंदी थोडी सैल होऊन सुमारे 100 मिलिलिटरच्या बाटल्या आणि एक पारदर्शक पिशवी, हा नियम ठरला. 2009 च्या नाताळात अंतर्वस्त्रात स्फोटक शिवलेला माणूस डेट्रॉइटच्या विमानात सापडल्यावर शरीराचं चित्र काढणारे स्कॅनर सर्वत्र आले आणि अंगझडती अधिक सक्तीची झाली.

प्रत्येक कटानंतर प्रवाशाला एक नवं बंधन आलं, हे सगळ्यांना दिसलं. त्याच बंधनाने तपासनिसाचं काम किती वाढलं, हे फारसं कुणी पाहिलं नाही. हजारो माणसांना तेच वाक्य सांगायचं, आजीच्या हातातली लोणच्याची बाटली काढून घ्यायची, व्हीलचेअरवरच्या रुग्णाची झडती घ्यायची आणि त्यांचा संताप झेलायचा. वर जड बॅगा उचलायच्या. टीएसएच्या पहिल्या वर्षांत कामावर इजा होण्याचं प्रमाण अमेरिकेच्या केंद्रीय खात्यांत सर्वाधिक असलेल्यांमध्ये होतं. 2013 च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसला एका बंदूकधाऱ्याने टीएसएच्याच माणसांना लक्ष्य केलं. त्यात एक अधिकारी गेला, कर्तव्यावर असताना मारला गेलेला टीएसएचा पहिलाच.

काम नीट होत होतं का? 2015 साली फुटलेल्या एका गोपनीय चाचणीच्या अहवालानुसार 70 पैकी 67 वेळा नकली शस्त्रं आणि स्फोटकं तपासणीतून आरपार गेली. हा आकडा गंभीर आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. टीएसएच्या कार्यवाहक प्रमुखाला पदावरून हलवलं गेलं. पगार कमी आणि जबाबदारी सर्वांत मोठी, हा जुना विरोधाभास मात्र जिथल्या तिथे राहिला.

हक्क थेंबाथेंबाने मिळाले. 2011 साली मर्यादित वाटाघाटींना परवानगी मिळाली आणि कर्मचाऱ्यांनी मतदान करून आपली संघटना निवडली. पगार हा विषय मात्र चर्चेबाहेर ठेवला गेला.

पस्तीस दिवस बिनपगारी

22 डिसेंबर 2018 ते 25 जानेवारी 2019. अर्थसंकल्पाच्या भांडणात अमेरिकी सरकारचे व्यवहार 35 दिवस ठप्प झाले. टीएसएचे सुमारे 51,000 कर्मचारी अत्यावश्यक ठरले, म्हणजे कामावर यायचं, पण पगार नंतर मिळेल. केंद्रीय कर्मचाऱ्यांना संप करायला कायद्याने बंदी आहे. घरभाडं, गाडीचं पेट्रोल आणि पाळणाघराचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा. अनेक जण मोफत अन्नाच्या रांगेत उभे राहिले. विमानतळांवर इतर लोकांनी आणि संस्थांनी त्यांच्यासाठी जेवण आणलं.

20 जानेवारीला ऐनवेळी गैरहजर राहिलेल्यांचं प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं. वर्षभरापूर्वी त्याच दिवशी ते तीन टक्क्यांच्या आसपास होतं. मायामीला एक अख्खा विभाग काही वेळ बंद ठेवावा लागला, ह्यूस्टनलाही तपासणीची एक जागा बंद झाली. महिनाभर पगार न झाल्यावरही दहातले नऊ जण कामावर येत राहिले. ही निष्ठा गृहीत धरणं हा अन्याय आहे.

त्यानंतर साडेचार वर्षांनी, जुलै 2023 मध्ये, टीएसएच्या कर्मचाऱ्यांना प्रथमच इतर केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या तोडीचा पगार मिळाला, आणि सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण लक्षणीय घटलं. सान फ्रान्सिस्कोने 2000 साली जे दाखवलं होतं, तेच तेवीस वर्षांनी देशभर दिसलं. पण गाडी पुन्हा मागे आली. मार्च 2025 मध्ये सरकारने टीएसए कर्मचाऱ्यांच्या संघटनेशी झालेला सामूहिक करार रद्द करण्याचा निर्णय घेतला, जूनमध्ये सिएटलच्या न्यायालयाने त्याला तात्पुरती स्थगिती दिली. जुलैत बूट काढण्याची सक्ती संपली. प्रवाशाचा एक त्रास कमी झाला, आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून 43 दिवस तपासनीस पुन्हा बिनपगारी उभे राहिले.

पैसा नव्हता, असं म्हणायला जागा नाही. अमेरिकेत प्रत्येक विमानप्रवासी तिकिटातून सुरक्षाशुल्क भरतो. 2014 पासून ते एका दिशेच्या प्रवासाला 5.60 डॉलर आहे, आणि त्यातला काही भाग कायद्यानेच सरकारी तूट भरून काढायला वळवला गेला.

आपल्याकडेही हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडली. कंदाहारच्या विमान अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा राज्य पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, सीआयएसएफकडे, आली. 3 फेब्रुवारी 2000 रोजी जयपूरपासून ही सुरुवात झाली. अमेरिकेने 9/11 नंतर जे केलं, ते आपण दीड वर्षाहून अधिक आधी सुरू केलं. मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर आपली बॅग ज्यांच्या नजरेखालून जाते, त्या जवानांना सरकारच्या परवानगीशिवाय युनियनमध्ये जाता येत नाही. ते गणवेशातलं दल आहे, शिस्त समजू शकते. पण ज्यांना स्वतःसाठी बोलायची सोय नाही, त्यांच्या पाळ्या, विश्रांती, निवारा आणि रजेची चौकशी इतरांनी करायला हवी. संसदेत प्रश्न विचारले जावेत आणि वर्तमानपत्रांनी ते लावून धरावेत.

पन्नास वर्षांच्या या इतिहासाचा निकाल माझ्या मते स्पष्ट आहे. स्वस्तातली सुरक्षा ही सुरक्षा नसते. यंत्रं सुधारली, बंधनं आली आणि गेली, पण शेवटचा निर्णय पडद्यासमोरच्या माणसाचाच राहिला. तो माणूस त्या जागी टिकला तर अनुभव साठतो, आणि तो टिकतो पगारावर, विश्रांतीवर आणि सन्मानावर. कोणत्याही सरकारने विमानतळाच्या सुरक्षेचा आराखडा मांडला, तर नव्या यंत्रांच्या रकान्याआधी माणसांच्या पगाराचा रकाना वाचा. तो रिकामा असेल, तर आराखडा अपुरा आहे.